खांदा दुखतोय, पोहणं बंद करू का?

खारंपाणी: मालवणला चिवला बीचच्या स्पर्धेत उतरायचंय, ३ किमी. टँकवर रोज १ किमी मारायचो ते दोन आठवड्यांत ३ वर नेलं, वर तळहाताला पॅडल्स लावले, त्या पाणी जास्त ढकलायच्या प्लास्टिकच्या चकत्या. आता दोरीवर टॉवेल टाकायला उजवा हात वर नेला की मध्येच कळ येते, खाली आणला की गायब. घरचे म्हणतात महिनाभर पाण्यात जायचं नाही. मला वाटतं पोहून पोहूनच मोकळा होईल.

विहीरवाला: घरचे बरोबर बोलतायत. पूर्ण आराम कर, खोबरेल कोमट करून चोळ. आम्हाला आजोबांनी पाठीला डबा बांधून विहिरीत ढकललं, तेव्हापासून पोहतोय, खांदा कधी दुखला नाय. पॅडल्स वगैरे सगळी थेरं.

ओहोटी: काका, विहिरीत दोन सूर मारून काठावर गप्पा ठोकणं वेगळं. २५ मीटरच्या टँकमध्ये ३ किमी म्हणजे १२० लांब्या, एका लांबीत एका हाताचे आठ-दहा स्ट्रोक धरा, झाले ना हजारेक, रोज! आणि नुसत्या आरामाने काय होतं ते मी दोनदा बघितलंय, महिनाभर बरं, पाण्यात उतरलो की आठवड्यात परत तेच. माझा हात अंगठा खाली करून शिरायचा नि डोक्यासमोरून पलीकडे जायचा. आत हाडांमध्ये टेंडन, म्हणजे स्नायू हाडाला बांधणारी दोरी, चिमटतं त्याने. स्ट्रोक सुधार, बाकी सगळं नंतर.

बँडवाली फिजिओ: चिमट्याचं चित्र आता इतकं सरळ मानत नाहीत हो. स्ट्रोक बघाच, पण दोन आठवड्यांत तिप्पट अंतर हे जास्त मोठं कारण आहे, पाठीचं फावडं, म्हणजे खांद्यामागचं चपटं हाड, धरणारे स्नायू दमले की सगळा भार रोटेटर कफवर, म्हणजे खांद्याचा सांधा धरून ठेवणाऱ्या छोट्या स्नायूंवर येतो. पॅडल्स काढा, दुखणार नाही एवढंच अंतर ठेवा. किकबोर्ड, ती तरंगणारी फळी, पुढे धरून किक मारू नका, हात वर ताणलेलाच राहतो, त्यापेक्षा हात अंगालगत ठेवा. कोपर बरगडीला लावून व्यायामाचा रबर बँड बाहेर ओढायचा, हळू. हात उचलतच नसेल, मुंग्या येत असतील किंवा रात्री कळीने जाग येत असेल तर मात्र डॉक्टर गाठा.

विहीरवाला: बरं, आराम नको तर नको. पण गोळी खाऊन उतरू नको मेल्या, दुखणं कळायचंच नाही.

खारंपाणी: आज पॅडल्सशिवाय ८०० मीटर, मित्राने काठावरून शूट केलं. श्वास मी फक्त डावीकडे घेतो आणि तेवढ्यात उजवा हात चक्क डाव्या खांद्यासमोर जाऊन पडतोय, बघून लाज वाटली. काका, तेलही चोळलं, आईने सोडलंच नाही.