मदत हवी आहे: एकांकिकेतला हिरो की स्टॉकर?

मंडळी, कॉलेजची एकांकिका लिहितेय, त्यात एक मुलगा मुलीच्या मागे रोज बसस्टॉपपर्यंत जातो, ब्लॉक केलं की नव्या नंबरवरून मेसेज टाकतो आणि तालमीत पोरं शिट्ट्या मारून म्हणतात किती क्यूट!! अरे क्यूट काय, तिने तीनदा नाही म्हटलंय ना. 'डर' सिनेमा १९९३ चा, पण लोक अजून त्यातल्या शाहरुखच्या अडखळत्या हाकेची नक्कल करतात, त्यातली हिरोईन बिचारी किती घाबरलेली असते ते कोणाच्या लक्षातच नाही.

कायदा वाचलाय थोडा. २०१३ ला आयपीसीत स्टॉकिंगसाठी (पाठलाग करणं) कलम ३५४ ड आलं, आता आयपीसीच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम ७८. पहिल्या गुन्ह्याला ३ वर्षांपर्यंत शिक्षा, पण जामीनपात्र, म्हणजे तो लगेच परत त्याच बसस्टॉपवर दिसू शकतो. मला नेमका तोच सीन हवाय.

तर तक्रार द्यायला गेल्यावर पोलीस ठाण्यात काय काय विचारतात? कोणी वकील असेल किंवा अनुभव असेल तर प्लीज सांगा, नावगाव नको. आणि तो स्टेजवर न येताच भीती वाटेल असं कसं लिहू? आमचे सर म्हणतायत शेवटी दोघांना एकत्र आण, टाळ्या पडतील 🤦‍♀️ शनिवारी वाचन आहे.