कुर्तीदो: तुमच्या बरणीत कसा मुरला?

मध्य अमेरिकेतल्या एल साल्वादोरच्या पुपुसांबरोबर, म्हणजे सारण भरलेल्या मक्याच्या जाड भाकऱ्यांबरोबर, जो आंबट, करकरीत कोबी वाढतात तो कुर्तीदो. इथे कितीतरी जण तो घरी करतात, म्हणून हा धागा. प्रमाण लिहा, बिघडला असेल तर कशाने बिघडला तेही लिहा. सुरुवात मीच करते.

सिल्व्हर स्प्रिंग, मेरीलँड

आमच्या भागात साल्वादोरची वस्ती मोठी आहे. खालच्या मजल्यावरच्या एका साल्वादोरी आजींकडून मी हा शिकले. त्यांना इंग्रजी बेताचं, मला स्पॅनिश त्याहून बेताचं, त्यामुळे शिकवणी सगळी हातांनी झाली. किलोभर कोबी अगदी बारीक उभा चिरायचा, दोन गाजरं किसायची, एक कांदा पातळ कापायचा. वरून उकळतं पाणी ओतून जेमतेम मिनिटभर ठेवायचं आणि लगेच चाळणीत उपसून गार पाण्याखाली धरायचं. कोबीचा उग्र वास जातो, पण दाताखाली तो कुरकुरतो. पहिल्यांदा मी फोन घ्यायला गेले आणि पाच मिनिटं तसाच राहिला, तर थेट भाजीसाठी वाफवल्यासारखा झाला. मग एक कप व्हिनेगर, अर्धा कप पाणी, दोन चमचे मीठ, उभी चिरलेली एक हालापेन्यो मिरची आणि दीड चमचा वाळका ओरेगानो, तळहातावर चुरडून. सगळं बरणीत दाबून भरायचं, रात्रभर फ्रीजमध्ये.

मी साखरेच्या डब्याकडे हात नेला तेव्हा आजींनी माझं मनगट धरलं. काही घरांत चिमूटभर साखर घालतात हे मला नंतर कळलं, पण मी अजून घालत नाही. फोडणीही देऊ नका. हिंग-मोहरी पडली की त्याची पचडी होते. पचडी मला आवडतेच, पण ओरेगानोचा वास त्यात पार हरवतो.

ह्यूस्टन

मी व्हिनेगर अजिबात वापरत नाही, मिठावर आंबवतो. तोही प्रकार त्यांच्याकडे आहेच. भाज्यांच्या एकूण वजनाच्या दोन टक्के मीठ, म्हणजे किलोला वीस ग्रॅम. चमच्याने मोजू नका, काटा वापरा. परातीत मीठ लावून दहा मिनिटं हाताने चुरायचा, पाणी सुटलं की त्या पाण्यासकट बरणीत ठासायचा. वर कोबीचं एक आख्खं पान आणि त्यावर वजन. कोबी पाण्याखालीच राहिला पाहिजे, कारण आंबवणाऱ्या जिवाणूंना हवा नको असते आणि बुरशीला हवीच असते. माझी एक बरणी अशीच गेली. वर आलेल्या दोन-चार तुकड्यांवर निळसर केसाळ बुरशी धरली. वरचं काढून खालचं ठेवावं असा मोह झाला होता, तरी सगळं फेकलं. तुम्हीही फेका.

इथल्या उन्हाळ्यात तिसऱ्या दिवशी हवा तसा आंबट होतो, थंडीत आठवडा लागतो. झाकण सैल ठेवा, वायू सुटतो. बरणीखाली ताटली हवीच, पाणी उतू जातं.

पुणे

भारतात करणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. बाटलीवर व्हिनेगरची आम्लता वाचा. आपल्याकडे बरेचदा चार टक्क्यांचं मिळतं, अमेरिकेत साधारण पाच. म्हणून वरच्या कृतीतलं अर्धा कप पाणी मी घालतच नाही. दुसरं ओरेगानोचं. तिकडे वापरतात तो बहुधा लिपिया नावाच्या झुडपाचा, आपल्या पिझ्झाच्या पुडीतला वेगळ्या कुळातला. पुडीतल्यानेही चव छान येते. ओव्याची पानं मात्र घालू नका. मी घातली होती, बाकी कशाचीच चव लागेना.

लॉस एंजेलिस

मला पाककृतीपेक्षा पुपुसेरियाबद्दल, म्हणजे पुपुसांच्या खानावळीबद्दल लिहायचंय. पिको-युनियन भागात टेबलावर कुर्तीदोची मोठी बरणी असते, हवा तेवढा घ्या. एल साल्वादोरच्या १९८० ते १९९२ च्या यादवी युद्धात घर सोडून आलेल्या कुटुंबांनी या शहरात जे उभं केलं, त्यात ही बरणी मला फार मोलाची वाटते. पुपुसा हाताने तोडायची, वर कुर्तीदो, त्यावर टोमॅटोची पातळ साल्सा. चीज आणि डुकराच्या मांसाचं सारण जड असतं, आंबट कोबीशिवाय दोनाच्या पुढे जात नाही. मी शाकाहारी, त्यामुळे चीज आणि लोरोकोच्या कळ्यांची घेतो.

आई रत्नागिरीहून आली होती तेव्हा तिला तांदळाच्या पिठाची पुपुसा दिली. एल साल्वादोरमधलं ओलोक्विल्ता गाव त्यासाठीच ओळखलं जातं. आई उठून थेट काउंटरपाशी गेली आणि आतली बाई गोळा हातावर कशी थापते ते बघत उभी राहिली. दोघींनी एकमेकींना हातवारे करून काय सांगितलं कोण जाणे, पण घरी आल्यावर आईने तांदळाच्या उकडीत चीज भरून तशीच थापली. कुर्तीदो मी केला होता. आईने तो दुसऱ्या दिवशी वरणभाताबरोबरही वाढून घेतला.

डॅलस

ग्वातेमालाचा बीटवाला करून बघा. तिथे एन्चिलादा म्हणजे कुरकुरीत तोर्तिया (मक्याची पोळी), तिच्यावर या लालभडक कोबीचा ढीग आणि उकडलेल्या अंड्याची चकती. बीट वेगळं उकडून शेवटी घाला.

नाशिक

काल सिल्व्हर स्प्रिंगच्या ताईंच्या पद्धतीने केला. चव सुरेख, पण बरणीत पाणी फार झालं. आणि टिकतो किती दिवस?

सिल्व्हर स्प्रिंग

गार पाण्याखाली धरल्यावर कोबी मुठीत घट्ट पिळला होता का? आजी स्वच्छ पंच्यात बांधून पिळायच्या. वर लिहायचं राहिलं, चूक माझी. फ्रीजमध्ये दोन आठवडे आरामात राहतो, कोरड्या चमच्याने काढत जा. माझ्या मते तिसऱ्या दिवशी सर्वात चांगला लागतो. पाहुणे रविवारी असतील तर गुरुवारी रात्रीच घाला.