वाइल्ड कार्डवर विम्बल्डन?

बेसलाइनवाला: पुरुष एकेरीत वाइल्ड कार्डवर (क्रमवारीनं जागा मिळत नसताना आयोजकांनी दिलेल्या खास प्रवेशावर) येऊन कुणी विम्बल्डन जिंकलंय का? ऑफिसात पैज लागलीय, वडापावची. मी 'नाही' म्हणालोय.

जुना प्रेक्षक: हरलात. गोरान इवानिसेविच, 2001. क्रमवारीत 125वा! आधी 1992, 1994, 1998 अशा तीन फायनल हरलेला बिचारा. हेन्मनविरुद्धची सेमीफायनल पावसामुळे तीन दिवस रेंगाळली, म्हणून फायनल सोमवारी. मी संध्याकाळच्या क्लासला दांडी मारली होती. राफ्टरविरुद्ध पाचवा सेट 9-7. मॅच पॉइंटवर, म्हणजे जिंकायला एकच गुण हवा असताना, पठ्ठ्या डबल फॉल्ट करतोय (दोन्ही सर्व्हिस चुकवून गुण घालवतोय), तेही दोनदा! मला बघवेना. चौथ्या मॅच पॉइंटला सुटलो.

बेसलाइनवाला: आणि बोरिस बेकर? तोही वाइल्ड कार्डवरच जिंकला ना?

जुना प्रेक्षक: 1985, वय 17. बिनमानांकित (स्पर्धेच्या अव्वल खेळाडूंच्या यादीत नसलेला) होता, वाइल्ड कार्ड नव्हे. वडापाव द्या मुकाट.