मदत हवी आहे: आपल्या म्युझिक सिस्टिमला दुसऱ्याने 'छान' म्हटल्याशिवाय चैनच पडत नाही, असं तुमचंही होतं का?

नमस्कार मंडळी, प्रश्न उपकरणांचा कमी आणि मनाचा जास्त आहे त्यामुळे विचारू की नको असं चार दिवस चाललं होतं, शेवटी विचारतोच.

सेटअप थोडक्यात सांगतो. स्टँडवर ठेवलेले साडेसहा इंची वूफरवाले (वूफर म्हणजे बास, खालचे सूर वाजवणारा भाग) छोटे बुकशेल्फ स्पीकर, साधा इंटिग्रेटेड अँप (अँप्लिफायर), एक डॅक (लॅपटॉपचा डिजिटल सिग्नल अँपला चालेल असा करणारा डबा) आणि लॅपटॉप, बस एवढंच. खोलीची लांबी चार मीटर. सगळं एकेक करून जमवायला सहा वर्षं लागली आणि मी खरंच खूष होतो, रात्री दिवे बंद करून बसलो की तास कसा जायचा कळायचं नाही.

मग एक मित्र ऐकायला आला, या छंदात माझ्यापेक्षा बराच मुरलेला. दोन गाणी ऐकली आणि म्हणाला, "बास घुमतोय रे, आवाज मागे पडतोय गाणाऱ्याचा." झालं, त्या दिवसापासून मला घुमणंच ऐकू यायला लागलं, गाणं बाजूलाच राहिलं.

आता तो चुकीचं बोलला का, तर नाही. मी मेजरमेंट माइक आणून रूम ईक्यू विझार्ड या खोलीतला आवाज मोजणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मोजलं तर 43 हर्ट्झच्या आसपास मोठा उंचवटा होता. चार मीटर लांबीच्या खोलीचा पहिला रेझोनन्स, म्हणजे खोली स्वतःच घुमते तो सूर, तिथेच येतो (आवाजाचा वेग सेकंदाला 343 मीटर, भागिले लांबीची दुप्पट म्हणजे आठ, करून बघा) आणि माझी खुर्ची नेमकी मागच्या भिंतीला टेकलेली, जिथे तो सगळ्यात जोरात ऐकू येतो. खुर्ची सव्वा मीटर पुढे घेतली तर त्या जागी बास पाचेक डेसिबलने उतरला. एक पैसा खर्च नाही! त्या मित्राचे मी मनापासून आभार मानले आणि अजूनही मानतो.

पण इथून पुढे मी घसरलो. मला वाटलं प्रत्येकाला विचारलं की सिस्टिम सुधारतच जाईल. दुसरा आला तो म्हणाला बास कमी आहे. तिसऱ्याला ट्रेबल (वरचे सूर) टोचला म्हणून स्पीकर आत वळवलेले होते ते सरळ केले, चौथ्याने परत आत वळवायला सांगितले. जमिनीवर स्टँडच्या जागा दाखवणाऱ्या चिकटपट्टीच्या खुणा आता इतक्या झाल्यात की त्यातली माझी मूळ खूण कुठली ते मलाच सापडत नाही. एकाने स्वतःचा अँप आणून जोडला, तो लगेच जास्त जिवंत वाटला, मी जवळपास विकत घ्यायलाच निघालो होतो. नंतर टेस्ट टोन लावून लेव्हल मोजली तर तो दोन डेसिबल मोठ्याने वाजत होता, लेव्हल सारखी केल्यावर मला दोघांत काही फरक सांगता येईना.

तेव्हापासून या विषयावर बरंच वाचलं. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या ध्वनी संशोधकांनी 1994 मध्ये केलेला प्रयोग तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत असेल, तेच ऐकणारे आणि तेच स्पीकर, पण पडद्याआड ठेवले की गुण वेगळे आणि समोर दिसले की वेगळे, आणि यात अनुभवी ऐकणारेही सुटले नाहीत. म्हणजे ज्यांच्या मताची मी इतकी वाट बघतो त्यांच्याही कानांवर डोळ्यांचा दाब असतोच. हे सगळं पटतं हो, पण पटून उपयोग होत नाहीये.

कारण परवा काय झालं, घरी पाहुणे होते, त्यांना माझा सगळ्यात आवडता ट्रॅक लावला, आणि तो संपल्यावर लक्षात आलं की मी तो ऐकलाच नव्हता. पूर्ण वेळ मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो. भुवई जरा हलली की माझा हात व्हॉल्यूमकडे. त्या रात्री फार वाईट वाटलं.

उलट एक प्रसंग आठवतो. धाकट्या बहिणीला यातलं ओ की ठो कळत नाही, ती एकदा खुर्चीत बसली, डोळे मिटले आणि एकदम हात पुढे करून म्हणाली, "अगं बाई, ही इथे उभी राहून गातेय!" दोन स्पीकरच्या बरोबर मधे, जिथे काहीच नाही. तेव्हा झालेला आनंद मला खोटा वाटत नाही. म्हणून 'कुणाला ऐकवूच नका' हा सल्ला मला नकोय, ऐकवायला मला आवडतं.

मला विचारायचंय ते हे. कुणी नाव ठेवलं की त्यातला खरा दोष कुठला आणि निव्वळ आवड कुठली हे तुम्ही कसं वेगळं करता? मी सध्या ज्याचं मोजमाप निघतं तेवढंच मनावर घ्यायचं ठरवलंय, पण टोनची पसंती त्यात बसत नाही. आणि दुसरं, एकदा दोष दाखवला गेला की कान तोच शोधत राहतात, यातून कुणी बाहेर पडलंय का, आणि किती दिवस लागले?

संपादन: दोघांनी सुचवलंय की महिनाभर सेटिंगला हात लावू नकोस आणि कुणाला मतही विचारू नकोस. आज संध्याकाळी जुन्या चिकटपट्ट्या सगळ्या काढल्या, एकट्याने बसून माझ्या कानाला बरी वाटली ती जागा धरली आणि नवी एकच पट्टी लावली. महिन्याने इथेच येऊन सांगतो. तोवर वरच्या दोन प्रश्नांवर अनुभव असतील तर नक्की लिहा, मोठे प्रतिसाद चालतील.