टी१बी पित्ताशय कर्करोग : दुसरी शस्त्रक्रिया आवश्यक आहे का?

नमस्कार. नाशिक येथे माझ्या मावशीची (वय ५८) पित्ताशयातील खड्यांसाठी दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया झाली आणि बायोप्सीच्या अहवालात अनपेक्षितपणे टी१बी, म्हणजे स्नायूच्या थरापर्यंत पोहोचलेला, कर्करोग आढळला. पित्ताशय काढताना फुटले नव्हते, पित्ताशयाच्या नलिकेची कापलेली कड कर्करोगमुक्त आहे, सीटी स्कॅनमध्येही काही दिसत नाही. मात्र नमुन्यात एकही लसिकाग्रंथी (लिम्फ नोड) नव्हती, त्यामुळे कर्करोग तिथे पसरला आहे का हे कळलेले नाही, आणि खरी काळजी तीच आहे. स्लाइड्स फेरतपासणीसाठी मुंबईला दिल्या आहेत.

टी१एमध्ये (कर्करोग स्नायूच्या थरापर्यंत न पोहोचता आतल्या अस्तरापुरताच असताना) केवळ पित्ताशय काढणे पुरेसे मानले जाते, तर टी१बीमध्ये लगतचा यकृताचा भाग व लसिकाग्रंथी काढण्याची शिफारस असली, तरी त्याच्या लाभाविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत. आम्हांलाही दोन शल्यचिकित्सकांनी वेगवेगळे सल्ले दिले. शिवाय ‘प्रारंभिक अवस्था’ या संज्ञेत काही अभ्यास टी२ही (स्नायूच्या थरापलीकडे गेलेला कर्करोग) धरतात, त्यामुळे वाचलेली टक्केवारी मावशीला लागू पडते का, हे ठरवणे कठीण जाते.

तिला मधुमेह आहे, पण नियंत्रणात. मुंबईला जाण्याची तयारी आहे. टी१बी निश्चित झाल्यावर ज्यांनी दुसरी शस्त्रक्रिया करून घेतली किंवा टाळली, त्यांनी तो निर्णय कशाच्या आधारे घेतला, आणि फेरतपासणी करणाऱ्या पॅथॉलॉजिस्टना आम्ही नेमके कोणते प्रश्न विचारावेत?