जोडीदार ओढतच राहिला, तर आपली सिगारेट सुटते का?

गिरगावकर: नवरा-बायको दोघंही ओढणारे. बायकोला सोडायचीय. रोजच्या १२, पहिली उठल्यावर वीस मिनिटांत, चहाबरोबर. नवऱ्याची तयारी नाही. घर वन-बीएचके, खिडकीत ओढली तरी वास आतच. नेमकं काय करावं?

पूर्णविराम: आधी नवऱ्याला पुन्हा विचारा. इंग्लंडमधल्या पन्नाशीपुढच्या जोडप्यांचा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. नवऱ्यानेही त्याच काळात सोडली, तिथे निम्म्या बायकांची सुटली. नवरा आधीपासूनच न ओढणारा, तिथे १७ टक्के. ओढतच राहिला, तिथे फक्त ८. दोघांची एकच तारीख ठरत असेल, तर दोन आठवडे थांबायलाही हरकत नाही.

खिडकीजवळ: आणि नाहीच ऐकलं, तर निदान एवढं कबूल करून घ्या: पाकीट, लायटर, ॲशट्रे घरात नको. महाराष्ट्रात सुटी सिगारेट विकायला २०२० पासून बंदी आहे. अख्खं पाकीट घेतलं की उरलेल्या घरी येतात, आणि रात्री साडेअकराला घात त्याच करतात. त्याने ओढायची ती आवाराबाहेर, आल्यावर शर्ट बदलायचा. ‘एक झुरका घे’ हे गमतीतही म्हणायचं नाही. तिनेही त्याच्या सिगारेटी मोजू नयेत. भांडण झालं की पहिला हात पाकिटाकडेच जातो.

चहाबाज: पहिली अर्ध्या तासाच्या आत लागते, म्हणजे डॉक्टरांना ४ मिलिग्रॅमच्या निकोटीन गमबद्दल विचारा. गरोदर असेल तर विचारल्याशिवाय काहीच घेऊ नये. हा गम नेहमीच्या च्युइंगगमसारखा चघळत राहिलं की निकोटीन लाळेबरोबर पोटात जातं. उचक्या, जळजळ, आणि तलफ तशीच. हळू चावायचा, झणझणलं की गालात दाबून ठेवायचा, झणझण ओसरली की पुन्हा चावायचा. असं अर्धा तास. आधी पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असेपर्यंत चहा, कॉफी, लिंबू सरबत बंद, नाहीतर निकोटीन नीट शोषलं जात नाही. सिगारेट सुटली की शरीरात कॅफिन जास्त वेळ टिकतं, म्हणून चहाही निम्मा करा. नाहीतर चहाची धडधड तलफ वाटते.

गिरगावकर: सासूबाई म्हणतात, तोवर मशेरी लाव.

पूर्णविराम: अजिबात नको! मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखूच, निकोटीन त्यातही आहे. त्यापेक्षा १८००-११-२३५६ ही सरकारी मोफत हेल्पलाइन लावा. फोन स्पीकरवर ठेवा, नवऱ्यालाही ऐकू द्या.