मदत हवी आहे: माजघराची ओली भिंत आणि मे महिन्यातले २० दिवस

नमस्कार मंडळी,

रत्नागिरीजवळ आमचं गावचं घर आहे, जांभ्याचं, कौलारू. त्यातलं माजघर यंदा मे महिन्यात घरच्या घरी नीट करायचं ठरलंय. ठरलंय म्हणजे गणपतीत जेवणं उरकल्यावर सगळ्यांनी माना डोलावल्या, एवढंच. भाऊ-वहिनी पुण्याहून येणार, ताई ठाण्याहून, पोरं मिळून चार. हाताशी २० दिवस. गवंडी एकच मिळालाय, तोही 'बघू' म्हणतोय.

खोली १४ बाय ११. खरी अडचण पश्चिमेच्या भिंतीची. पूर्वी तिला मातीचा गिलावा होता. १९९८ साली बाबांनी हौसेनं सिमेंटचं प्लॅस्टर करून घेतलं, पुढे त्यावर पुट्टी आणि ऑइलपेंट. आता जमिनीपासून ३ फुटांपर्यंत रंगाला फुगे आलेत, लोणा लागलाय, टेकून बसलं की पाठीला पांढरी भुकटी. दर दिवाळीला खरवडून रंग लावतो, श्रावणापर्यंत पुन्हा तेच.

परवा जाऊन हातोडीच्या दांड्यानं ठोकून पाहिलं. छातीच्या उंचीला टणक आवाज, खाली डबडब. स्क्रूड्रायव्हर घालून जरा उचकटलं तर भाकरीएवढा पापुद्रा अख्खा हातात आला. मागचा जांभा काळपट, ओला. मार्च महिन्यात! बाबा शेजारीच उभे होते. बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "तेव्हा सगळेच करून घेत होते."

फरशीवाला म्हणतो ४ फुटांपर्यंत टाइल्स चढवा, ओल दिसणारच नाही. ताईला पटलंय. मला वाटतं दिसणार नाही, पण जाईल कुठे?

तर विचारायचं असं की, प्लॅस्टर आम्ही स्वतः काढलं तर जांभ्याला इजा होईल का? काढल्यावर पुन्हा सिमेंट नको असेल तर चुन्याचं प्लॅस्टर पावसाआधी होईल का? आणि एक घरगुती तंटा: कोपऱ्यात जमिनीत पुरलेलं उखळ आहे. वहिनींना सपाट जमीन हवी, आई म्हणते उखळाला हात लावायचा नाही. कुणी यातून वाट काढली आहे का? (वायरिंग जुनं, लाकडी पट्टीतलं आहे. त्याला वायरमनच बोलावणार, तिथे हौस नाही.)

प्रतिसाद १:
टाइल्स अजिबात नकोत. जांभा पाणी शोषतो आणि वाट मिळाली की सोडतो. तुमच्या सिमेंटनं आणि ऑइलपेंटनं ती वाटच बंद केलीय. टाइल्स लावल्यात तर ओल मागून वर चढेल आणि ५ फुटांवर दिसेल. आमच्याकडे झालंय. पण भिंतीला हात लावण्याआधी बाहेर जाऊन बघा. पागोळ्या कुठे पडतात? अंगण जोत्यापेक्षा किती खाली आहे? पाणी भिंतीशी तुंबत असेल तर आतून काहीही करा, व्यर्थ.

प्रतिसाद २:
प्लॅस्टर छिन्नी-हातोडीनंच काढा, ब्रेकर मशीन नको, जांभ्याचे कोपरे उडतात. तोंडाला मास्क, डोळ्यांना चष्मा. ओलीच्या वर फूटभर चांगला भागही काढून टाका. चुन्याची घाई मात्र करू नका. कळीचा चुना (भाजलेल्या चुनखडीचे खडे) पाण्यात विरवायचा, तो निदान पंधरा दिवस भिजत ठेवायचा, मग पातळ थरांत लावायचा आणि प्रत्येक थराला वेळ द्यायचा. ओल्या भिंतीवर, मृगाच्या तोंडावर हे जमणार नाही. यंदा भिंत उघडी ठेवा, एक पावसाळा कशी वागते ते बघा, चुना दिवाळीनंतर. आणि चुना विरताना अक्षरशः उकळतो, तेव्हा पोरं लांब.
उखळाला आम्ही जमिनीच्या पातळीत बसणारं सागवानी झाकण केलंय. वरून चालता येतं. पावसाळ्यात मात्र लाकूड फुगतं, फट ठेवा.

धागाकर्ता:
दोघांचेही आभार. झाकण आई आणि वहिनी दोघींनाही चालतंय, हे नवलच.
बाबांना फोन करून पश्चिमेची बाजू मोजायला लावली. पेव्हर ब्लॉक जोत्याच्या वर चार बोटं आलेत आणि पागोळ्या बरोबर त्या सांध्यात पडतात. ते पेव्हर तीन वर्षांपूर्वी मीच बसवून घेतले, चिखल नको म्हणून. ओल आधी फूटभरच होती, असं आई आता सांगते आहे. बाबा फोनवर हसले फक्त.
म्हणजे आता काम बाहेरून सुरू. भिंतीलगतची दोन हात रुंद पट्टी उचलून तिथे गटार काढायचं म्हणतो, उतार विहिरीच्या उलट बाजूला. चार पोरं आणि एक पहार, दोन दिवसांत होईल का? आणि गटारात नुसती खडी भरावी की तळाला कोबा करावा?